स्वतःलाच कुलूप लावणारं खातं

महाराष्ट्रात नवं सरकार आलं की शपथविधीपेक्षा जास्त रंगतं ते खातेवाटप. गृह कोणाकडे, अर्थ कोणाकडे, नगरविकासावर कोण अडून बसलंय, याच्या बातम्या आठवडाभर पुरतात. मलईदार खातं मिळालेले मंत्री देवदर्शनाला जातात आणि न मिळालेले तडक गावी जातात. मग मलबार हिलवरच्या बंगल्यांचं वाटप, मग पालकमंत्रिपदावरून ओढाताण. या सगळ्या धामधुमीत एक गोष्ट मात्र सगळ्यांनीच गृहीत धरलेली असते, ती म्हणजे खातं टिकणार. मंत्री येतील, जातील, सरकारं पडतील, खातं आपल्या जागी बसून राहील. ‘मी माझं खातं वेळेत बंद करून दाखवीन’ असं वचन देणारा मंत्री माझ्या तरी पाहण्यात नाही.

त्यामुळे लंडनमध्ये जुलै २०१६ मध्ये निघालेल्या एका खात्याबद्दल मला कमालीचं कुतूहल आहे. ब्रिटनला युरोपीय महासंघातून बाहेर काढायचं, एवढंच त्या खात्याचं काम. काम झालं की खातं संपलं. म्हणजे मंत्र्याने जितकी चोख कामगिरी करावी तितकी त्याची खुर्ची लवकर जाणार, आणि खुर्ची टिकवायची तर कामात टंगळमंगळ करणं आलं. सरकारी नोकरीत टंगळमंगळ करायला इतकं सबळ कारण क्वचितच कोणाला मिळालं असेल.

झालं होतं असं. २३ जून २०१६ ला ब्रिटनमध्ये सार्वमत झालं. १ कोटी ७४ लाख लोक म्हणाले, बाहेर पडू. १ कोटी ६१ लाख लोक म्हणाले, राहू. सार्वमत घेणारे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन दुसऱ्याच दिवशी राजीनामा जाहीर करून मोकळे झाले. पुढे वारसदार पक्का झाल्याचं पत्रकारांना सांगून ते घराच्या दाराकडे वळले, तेव्हा चक्क काहीतरी गुणगुणत होते. माईक चालू राहिल्यामुळे साऱ्या जगाने ते ऐकलं. ब्रेक्झिटच्या सगळ्या प्रकरणात इतकं हलकं मन पुन्हा कोणाचं झालेलं दिसलं नाही.

घोळ असा होता की बाहेर पडायचं का, एवढंच मतपत्रिकेवर विचारलं होतं. कसं पडायचं, हे कोणी विचारलं नव्हतं. त्याआधी कोणताही सदस्य देश बाहेर पडलेला नव्हता. डेन्मार्कच्या अखत्यारीतलं ग्रीनलंड १९८५ मध्ये मासेमारीच्या वादातून बाहेर गेलं होतं, पण त्याची लोकवस्ती आपल्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. नियमावलीत म्हणाल तर लिस्बन करारातलं कलम ५० होतं. नोटीस द्या, दोन वर्षांत बोलणी उरका आणि जा, असा त्याचा मथितार्थ. गंमत म्हणजे या कलमाचा मसुदा जॉन कर या ब्रिटिश मुत्सद्द्यानेच लिहिला होता, आणि एखाद्या देशात हुकूमशाही आली तरच त्याचा उपयोग होईल अशी त्यांची समजूत होती. दार त्यांनी दुसऱ्यांसाठी करून ठेवलं होतं.

कॅमेरॉन यांच्या जागी आलेल्या थेरेसा मे सार्वमतात ‘राहू’ म्हणणाऱ्यांत होत्या. त्यांनी पंतप्रधान होताच, १३ जुलैलाच, हे बाहेर पडण्याचं खातं काढलं आणि ते ‘जाऊ’ म्हणणाऱ्याकडे सोपवलं. तुम्हाला हवं होतं ना, मग तुम्हीच निस्तरा, हा त्यातला भाव कोणाच्याही लक्षात यावा असा होता. त्याच दिवशी बोरिस जॉन्सन परराष्ट्रमंत्री झाले आणि परदेश व्यापाराचं आणखी एक नवं खातं काढून ते लियम फॉक्स यांना दिलं गेलं. मंत्र्यांसाठी केंटमध्ये चेव्हनिंग नावाचा सरकारी वाडा आहे, ११५ खोल्यांचा. तो बाईंनी या तिघांत मिळून दिला. मलबार हिलवर असा प्रयोग झाला असता तर सरकार त्याच संध्याकाळी अल्पमतात आलं असतं.

नव्या खात्याला जागा मिळाली ९, डाउनिंग स्ट्रीट. हा पत्ता मराठी माणसाला अगदीच परका म्हणता येणार नाही. प्रिव्ही कौन्सिलचं न्यायमंडळ अनेक वर्षं इथेच बसायचं. हिंदुस्थानातली अपिलं शेवटी जायची ती या न्यायमंडळापुढे. लोकमान्य टिळकांचं ताई महाराज प्रकरण १९०१ पासून खालच्या वरच्या कोर्टांत हिंडत हिंडत तिथवर पोहोचलं आणि १९१५ मध्ये निकाल टिळकांच्या बाजूने लागला. दत्तक कोण आणि इस्टेट कोणाची, एवढ्या प्रश्नाला चौदा वर्षं. अठ्ठावीस देशांचा संसार दोन वर्षांत मोकळा करू म्हणणाऱ्यांनी त्या वास्तूतल्या जुन्या फायली एकदा चाळायला हरकत नव्हती.

अर्थात तात्पुरत्या गोष्टींचा ब्रिटनला दांडगा अनुभव आहे. प्राप्तिकर त्यांनी १७९९ मध्ये आणला तो फ्रान्सशी चाललेल्या लढाईपुरता. लढाई संपल्यावर १८१६ मध्ये काढला, १८४२ मध्ये तीन वर्षांसाठी म्हणून पुन्हा आणला, आणि कायद्याच्या भाषेत तो अजूनही हंगामीच आहे. दर ५ एप्रिलला त्याची मुदत संपते आणि संसद दरवर्षी त्याला नवा जन्म देते. आपल्याकडेही साहेबाने १८६० मध्ये तो पाच वर्षांसाठी म्हणूनच आणला होता. त्याचं पुढे काय झालं ते दर जुलैत विवरणपत्र भरताना आपल्याला कळतंच. अशा देशात एक खातं खरोखरच तात्पुरतं निघालं आणि खरोखरच बंद झालं, ही नवलाईच म्हणायची.

पहिले मंत्री डेव्हिड डेव्हिस. गडी उमेदीचा, हसतमुख, एकेकाळी लष्कराच्या कमांडो दलाच्या राखीव तुकडीत काम केलेला. नव्वदच्या दशकात ते युरोपविषयक राज्यमंत्री होते आणि तेव्हा ब्रुसेलमध्ये प्रत्येक गोष्टीला नकार देणारे म्हणून त्यांची ख्याती होती. बाहेर पडण्यात तोटा काहीच नाही, झाला तर भरपूर फायदाच, असं त्यांनी ऑक्टोबर २०१६ मध्ये संसदेत सांगून टाकलं. मार्च २०१७ मध्ये नोटीस गेली आणि १९ जूनला ब्रुसेलमध्ये बोलणी सुरू झाली. समोर होते फ्रान्सचे मिशेल बार्निए, सव्हॉयच्या डोंगराळ मुलखातले. दोघेही डोंगर चढणारे, म्हणून बार्निए यांनी डेव्हिसना कोरीव काठी दिली आणि डेव्हिसनी त्यांना गिर्यारोहणावरचं जुनं फ्रेंच पुस्तक. मला ही देवाणघेवाण फार बोलकी वाटते. एकाला वाचायला मिळालं, दुसऱ्याला आधाराला.

पुढच्या महिन्यातला एक फोटो मात्र जगभर फिरला. लांबट टेबल. एका बाजूला बार्निए आणि त्यांचे दोन सहकारी. प्रत्येकापुढे कागदांचा चांगला जाडजूड गठ्ठा, कडा नीट जुळवलेल्या. दुसऱ्या बाजूला डेव्हिस आणि त्यांचे दोन अधिकारी, तिघेही प्रसन्न चेहऱ्याने हसताहेत आणि त्यांच्यापुढे टेबल मोकळं. एक बारकीशी काळी वही दिसते, तीही मंत्र्यांच्या पुढ्यात नाही. कागद बॅगेत होते, फोटो काढून झाल्यावर बाहेर काढले, असा खुलासा नंतर झाला. असतीलही. पण परीक्षेच्या वर्गात पेन विसरून आलेला मुलगाच सगळ्यात जास्त हसत असतो, हे कोणत्याही मास्तरांना विचारा.

कागदांनी डेव्हिस यांचा पिच्छा सोडला नाही. ब्रेक्झिटचा कोणत्या धंद्यावर काय परिणाम होईल, याचा पन्नासाहून अधिक क्षेत्रांचा अगदी तपशीलवार अभ्यास चालू आहे, असं ते सांगत आले होते. खासदारांनी तो मागितला. नाही हो करता करता आठशेपन्नास पानं हाती पडली, आणि डिसेंबर २०१७ मध्ये मंत्रिमहोदयांनी संसदीय समितीपुढे शांतपणे सांगितलं की परिणामांचा अंदाज बांधणारा अभ्यास असा काही केलेलाच नाही. त्याच सुमारास एका रेडिओ मुलाखतीत ते म्हणाले की या कामाला फार हुशारी लागत नाही, फार माहितीही लागत नाही, डोकं शांत असलं म्हणजे झालं. लोक त्यांना हसले. मला तो माणूस त्या वाक्यानंतर आवडू लागला. आपल्या पदाची पात्रता इतकी खरीखरी सांगणारा मंत्री कुठे मिळतो?

आणि डोकं शांत ठेवण्यापलीकडे त्यांच्या हातात फारसं काही उरलंही नव्हतं. बोलण्यांची खरी सूत्रं हलवणारे अधिकारी ऑली रॉबिन्स २०१७ च्या सप्टेंबरमध्ये हे खातं सोडून थेट पंतप्रधानांच्या हाताखाली गेले होते. पाटी एकाच्या दारावर आणि फाईल दुसऱ्याच्या टेबलावर, ही व्यवस्था आपल्याकडच्या कोणत्याही कचेरीत रुळलेल्या माणसाला समजावून सांगायला नको.

६ जुलै २०१८ ला पंतप्रधानांनी सगळं मंत्रिमंडळ चेकर्सच्या सरकारी निवासात दिवसभर कोंडलं. दारातच मोबाईल काढून घेतले. ज्यांना नवा मसुदा पटणार नाही त्यांनी राजीनामा द्यावा, पण मग सरकारी गाडी मिळणार नाही, गावातल्या टॅक्सीवाल्याची कार्डं ठेवली आहेत, असं आधीच कळवलं होतं. त्या दिवशी सगळ्यांनी माना डोलावल्या. टॅक्सी कोणीच बोलावली नाही. डेव्हिस सरकारी गाडीने घरी गेले, दोन दिवस विचार केला आणि रविवारी रात्री राजीनामा दिला. तत्त्वनिष्ठा असावी, पण ती घरी पोहोचल्यावर.

त्यांच्या जागी आले डॉमिनिक राब. ते रुळतात न रुळतात तोच पंतप्रधानांनी जाहीर केलं की बोलणी यापुढे आपणच करणार, राब आपल्याला मदत करतील. नोव्हेंबरमध्ये राब यांनी एका कार्यक्रमात कबूल केलं की ब्रिटनचा मालव्यापार डोव्हर ते कॅले या सागरी मार्गावर किती अवलंबून आहे, हे आपल्याला आजवर पुरतं उमगलं नव्हतं. ब्रिटन हे बेट आहे, एवढी माहिती मंत्रालयात उपलब्ध असावी, अशी टिंगल झाली. आठवडाभरातच करार जाहीर झाला आणि १५ नोव्हेंबरला राब यांनी त्याच कराराचा निषेध म्हणून राजीनामा दिला. कागदोपत्री तो करार त्यांच्याच खात्याने केलेला होता. कारकीर्द चार महिने.

तिसरे स्टीव्ह बार्कले. हे नाव फारसं कोणाला ठाऊक नाही, आणि माझ्या मते त्यांचं यश त्यातच आहे. करार झालेला, संसद तो मान्य करायला तयार नाही, आणि मंत्र्याने मध्ये उभं राहून दोन्हीकडची बोलणी खायची, असं ते काम. जानेवारी २०१९ मध्ये करार ४३२ विरुद्ध २०२ मतांनी फेटाळला गेला. ब्रिटनच्या आधुनिक इतिहासात कोणत्याही सरकारचा एवढा मोठा पराभव झालेला नव्हता. मार्चमध्ये आणखी दोनदा फेटाळला. दरम्यान संसद म्हणाली, आम्हीच ठरवतो, आणि आठ पर्याय मांडून आठही पाडले.

या सगळ्यात १४ मार्चची संध्याकाळ मी कधी विसरणार नाही. बाहेर पडण्याची मुदत वाढवून मागावी, असा सरकारी ठराव होता. चर्चेला उत्तर द्यायला बार्कले उभे राहिले. देशहिताची वेळ आहे वगैरे सांगून त्यांनी सभागृहाला ठराव मंजूर करण्याची शिफारस केली आणि खाली बसले. घंटा वाजली, मतदान सुरू झालं. ब्रिटनमध्ये खासदार दोन वेगवेगळ्या दालनांतून चालत जाऊन मत देतात. होकाराचं एक दालन, नकाराचं दुसरं. बार्कले उठले आणि नकाराच्या दालनात चालते झाले. स्वतः मांडलेल्या शिफारशीविरुद्ध स्वतःच मत. पक्षाने मोकळीक दिली होती, त्यामुळे नियम कुठलाच मोडला नव्हता. जबाबदारी म्हणून भाषण केलं आणि पटलं तसं मत दिलं. संसारी माणूस रोज यापेक्षा वेगळं काय करतो?

मुदत वाढली. २९ मार्चची १२ एप्रिल झाली, १२ एप्रिलची ३१ ऑक्टोबर, ३१ ऑक्टोबरची ३१ जानेवारी. या तारखांनी सरकारकडून एकेक करामती करून घेतल्या. करार न होताच बाहेर पडावं लागलं तर डोव्हरच्या रस्त्यांवर मालमोटारी तुंबतील, म्हणून जानेवारी २०१९ मध्ये केंटमधल्या मॅन्स्टन विमानतळावर ८९ ट्रक गोळा करून वाहतूक कोंडीची रंगीत तालीम घेण्यात आली. हिंजवडीच्या रस्त्यावर हाच प्रयोग रोज दोनदा, विनातालीम आणि कितीतरी मोठ्या संचात होतो. आपण उगाच त्याला अव्यवस्था म्हणतो. टांकसाळीने ३१ ऑक्टोबर २०१९ ही तारीख घालून पन्नास पेन्सची नाणी पाडली. तारीख हुकली, नाणी वितळवली, आणि नवी तारीख घालून पुन्हा पाडली. नाण्यावर सर्व राष्ट्रांशी शांतता, भरभराट आणि मैत्री असा मजकूर आहे. स्वतःच्या संसदेशी तेवढं जमलं असतं तर पहिलीच नाणी चालली असती.

अखेर ३१ जानेवारी २०२० ला ब्रिटन बाहेर पडलं, रात्री ११ वाजता. बाराला का नाही? कारण ब्रुसेलमध्ये तेव्हा बारा वाजलेले असतात. स्वतःच्या मर्जीने जगण्याचा मुहूर्त दुसऱ्याच्या घड्याळावर काढावा लागला. बिग बेनची घंटा वाजवायची हौस होती, पण तिची दुरुस्ती चालू होती. मग डाउनिंग स्ट्रीटच्या भिंतीवर प्रकाशाचं घड्याळ पाडलं आणि ध्वनिमुद्रित ठोके ऐकवले. त्या ठोक्यांबरोबर खातं बंद झालं. साडेतीन वर्षं, तीन मंत्री, दोन पंतप्रधान. बार्कले दोन आठवड्यांत अर्थखात्यात गेले. एक गंमत तेवढी राहिली. ब्रिटनमध्ये विरोधी पक्षही प्रत्येक खात्यासाठी आपला एक छाया मंत्री नेमतो. या खात्याचे छाया मंत्री मजूर पक्षाचे किअर स्टार्मर होते आणि ते एप्रिलपर्यंत त्या पदावर होते. खातं गेल्यावर दोन महिने त्याची सावली मागे उरली.

उरलं ते आणखीही बरंच. खातं बंद झालं त्या दिवशी व्यापार करार झालेला नव्हता. त्याची बाराशेहून अधिक पानं ठरली ती त्या वर्षीच्या नाताळाच्या आदल्या दिवशी. उत्तर आयर्लंडच्या सरहद्दीचा तिढा २०२३ मध्ये विंडसरला पुन्हा सोडवावा लागला. २०२२ मध्ये जेकब रीस-मॉग यांना ब्रेक्झिटमुळे आलेल्या संधींचे मंत्री नेमलं, आणि त्यांनी एका खपाच्या वर्तमानपत्रातून वाचकांनाच विचारलं, कोणते नियम रद्द करू ते कळवा. बाहेर पडून दोन वर्षं झाल्यावर फायदे शोधायला मंत्री, म्हणजे वरातीमागून घोडंच. तेही पद सात महिन्यांत गेलं.

आपल्याकडे भावाभावांत वाटणी होते. चुली वेगळ्या होतात, मधे भिंत येते, सातबारा वेगळा निघतो. पण विहीर सामाईक राहते. सातबाऱ्यावर तशी नोंदच असते. मग पाण्याची पाळी कोणाची, मोटार कोणी दुरुस्त करायची, यावर पुढच्या तीन पिढ्या एकमेकांशी बोलत राहतात. कधी गोडीने, कधी तहसीलदारामार्फत. एकत्र असताना जेवढं बोलणं नव्हतं त्याहून जास्त बोलणं वाटणीनंतर होतं. डेव्हिस, राब आणि बार्कले यांना देशाने वाटणी करायला पाठवलं होतं, आणि त्यांची सगळी दमछाक झाली ती विहिरीपाशी. समुद्रातले मासे, आयर्लंडची सरहद्द, डोव्हरची वाट, यांतलं काहीच उचलून घेऊन जाता येण्याजोगं नव्हतं.

म्हणून मला या तिघांना दोष द्यावासा वाटत नाही. बाहेर पडणं हे काम एका तारखेला संपतं, असा सगळ्या देशाचा समज होता आणि तो समज टिकावा म्हणून ते खातं काढलेलं होतं. कायमचं खातं काढलं असतं तर मे बाईंना पहिल्याच दिवशी कबूल करावं लागलं असतं की शेजाऱ्याशी बोलणं जन्मभर चालणार आहे. ते कोणालाच ऐकायचं नव्हतं. अवघड कामाला आपण हंगामी माणूस नेमतो तो काम लवकर संपेल म्हणून नाही, संपेल अशी आशा वाटत राहावी म्हणून. महापालिकेच्या खोदलेल्या रस्त्यापासून डाउनिंग स्ट्रीटपर्यंत हा नियम सारखाच लागू आहे.

सगळ्यांचं पुढे बरंच झालं. राब उपपंतप्रधान झाले. बार्निए २०२४ च्या सप्टेंबरमध्ये फ्रान्सचे पंतप्रधान झाले आणि तीनच महिन्यांत अविश्वास ठरावाने बाहेर पडले. त्यांना मात्र दोन वर्षांची मुदत कोणी दिली नाही. सावलीतले स्टार्मर त्याच वर्षी ब्रिटनचे पंतप्रधान झाले. ज्या लँकेस्टर हाउसमध्ये थेरेसा मे यांनी जानेवारी २०१७ मध्ये वाईट करारापेक्षा करार नसलेला बरा असं ठणकावलं होतं, त्याच वास्तूत १९ मे २०२५ ला स्टार्मर युरोपीय महासंघाच्या पाहुण्यांबरोबर बसले आणि युरोपीय बोटींच्या मासेमारीची मुदत २०३८ पर्यंत वाढवून उठले. त्यांच्या सरकारने जुलै २०२४ मध्ये युरोपीय महासंघाशी संबंधांसाठी एक मंत्री नेमला. ते पद कधी बंद होणार, याची तारीख मात्र या वेळी कोणी जाहीर केलेली नाही.